स्टेपनी नसलेल्या स्पोर्ट्स कारचा टायर बसला तर

पावसाळ्यातली संध्याकाळ होती. पुण्याहून साताऱ्याकडे निघालो होतो. खंबाटकी घाट चढून पलीकडे उतरलो आणि डॅशबोर्डवर मागच्या उजव्या चाकापुढे २१ पीएसआय (टायरमधल्या हवेचा दाब) दिसलं. सकाळी तिथे ३३ होतं. पाऊस पडत होता, अंधारून आलं होतं, म्हणून म्हटलं सुरूर फाट्यापर्यंत जाऊ, तिथे उजेड आहे, माणसं आहेत. तीन-चार किलोमीटरचा तर प्रश्न. पोचलो तेव्हा टायर पार बसला होता. दुसऱ्या दिवशी दुकानात तो रिमवरून उतरवला आणि आतून ओंजळभर काळी पूड निघाली. हवा नसताना चालल्यामुळे टायरची बाजू आतून दळली गेली होती. मूळ भोक एका छोट्या स्क्रूचं, अगदी मधोमध. काही शे रुपयांत निघणारं पंक्चर मी पाच आकडी खर्चात नेऊन ठेवलं.

तुम्ही नुकतीच दोन दारांची, बुटकी, वेगवान गाडी घेतली असेल, नवी किंवा माझ्यासारखी जुनी, तर पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं हे लक्षात असू द्या. पंक्चरने टायर सहसा मरत नाही. हवा नसताना चालवल्याने मरतो.

आधी हे समजून घ्या: स्टेपनी का दिलेली नाही

डिकी उघडून, गालिचा उचलून स्टेपनी शोधली आणि सापडली नाही म्हणून कुणी फसवलं असं समजू नका. अशा गाड्यांत मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात. पोर्शे ९११ कॅरेरा एसच्या ९९२ पिढीत पुढे २४५/३५, २० इंची चाक आणि मागे ३०५/३०, २१ इंची. म्हणजे रिमचा व्याससुद्धा वेगळा. एक स्टेपनी चारही ठिकाणी बसणारच नाही. बारीक तात्पुरतं चाक द्यावं तर मोठ्या ब्रेक कॅलिपरवरून ते जात नाही. त्यात पंधरा-वीस किलो वजन आणि डिकीतली जागा. जुन्या ९११ मध्ये घडी होणारी स्टेपनी असे, वापरण्याआधी तिच्यात हवा भरावी लागे. आता तीही गेली.

आपण ज्याला सर्रास ‘स्टेपनी’ म्हणतो तो शब्द वेल्समधल्या लनेथली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास जादा चाक विकायला सुरुवात केली, कारण तोवर मोटारी जादा चाकाशिवायच यायच्या.

कायद्याचं म्हणाल तर २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. टायर ट्यूबलेस असतील, गाडीत टायर दुरुस्तीचा संच असेल आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल, तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला स्टेपनी नसली तरी चालते. मात्र संच गाडीत असायलाच हवा.

घरीच, उजेडात करायची तपासणी

गाडी ताब्यात आल्यावर पहिल्याच रविवारी हे करा. अर्धा तास पुरतो.

टायरच्या बाजूवरची अक्षरं वाचा. ‘आरएफटी’, ‘आरओएफ’, ‘एसएसआर’, ‘झेडपी’ किंवा सरळ ‘रनफ्लॅट’ असं काही असेल तर तुमचे टायर रनफ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे आहेत आणि रस्त्यावरचा हिशेब बराच बदलतो. जुन्या गाडीत चारही टायर वाचा. आधीच्या मालकाने दोन रनफ्लॅट काढून साधे बसवलेले असू शकतात.

तिथेच चार अंकी उत्पादनाचा आकडा असतो. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. क्वचित बाहेर निघणाऱ्या गाड्यांत नक्षी नवीकोरी आणि रबर म्हातारं असं वारंवार दिसतं. नक्षीची खोली कायद्याने १.६ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. पावसात घाटात गाडी काढणार असाल तर त्याच्या कितीतरी आधीच टायर बदला.

मग दुरुस्तीचा संच बाहेर काढा. त्यात सीलंटची, म्हणजे भोक आतून बुजवणाऱ्या घट्ट द्रवाची बाटली आणि बारा व्होल्टवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर असतो. बाटलीवर मुदतीची तारीख छापलेली असते, ती बघा. मुदत साधारण चार ते सहा वर्षांची असते. सुरूर फाट्यावर मी बाटली हातात घेतली तेव्हा तिची मुदत संपून तीन वर्षं झाली होती, आत द्रव जाऊन नुसता गोळा उरला होता. गाडी घेताना शंभर गोष्टी तपासल्या होत्या, ही एक राहिली.

कॉम्प्रेसर एकदा खरोखर चालवून बघा. वायर मागच्या चाकापर्यंत पोचते का? सॉकेटला वीज इंजिन चालू असतानाच मिळते का? आणि काटा बरोबर आकडा दाखवतो का, तेही पंपावरच्या आकड्याशी ताडून घ्या.

शेवटचं, पण फार महत्त्वाचं: चाकाच्या चोरीला आळा घालणाऱ्या बोल्टची किल्ली. मूठभर आकाराचा हा तुकडा गाडीत नसेल तर जगातला कुठलाही पाना तुमचं चाक सोडवू शकत नाही. ती सापडेपर्यंत लांबच्या प्रवासाला निघू नका.

गाडीत मी स्वतः वाढवलेल्या वस्तू: ट्यूबलेस पंक्चरचा स्ट्रिपवाला (भोकात घालायच्या चिकट दोरीचा) संच, पक्कड, साबणाच्या पाण्याची छोटी फवारणी बाटली, डोक्याला लावायचा दिवा, रबरी हातमोजे, चमकणारं जाकीट आणि जॅकवर ठेवायचा रबराचा ठोकळा. सगळं एका पिशवीत मावतं.

टायर बसतोय असं कळल्यावर

स्टिअरिंग एका बाजूला ओढतं, मागचा टायर असेल तर गाडीची शेपटी सैल वाटते, किंवा नुसताच डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. काही गाड्यांत प्रत्येक चाकाचा आकडा दिसतो. काहींत फक्त दिवा, कारण तिथे चाकाच्या फिरण्याच्या फरकावरून अंदाज बांधलेला असतो. आकडा दिसत असेल तर तो किती वेगाने उतरतोय ते पाहा. महिनाभरात दोन पीएसआय जाणं आणि दोन मिनिटांत दोन जाणं, दोन्हीला दिवा एकच असतो.

ब्रेक दाबू नका. ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा, डावा इंडिकेटर द्या आणि वेग आपोआप उतरू द्या. हे टायर जमिनीपासून रिमपर्यंत जेमतेम नऊ सेंटीमीटर उंच असतात. हवा गेल्यावर रिम आणि डांबर यांच्यात काही उरतच नाही.

थांबायची जागा निवडताना मी दोनच गोष्टी बघतो: वळणाच्या आड नको आणि रस्त्याच्या कडेपासून जितकं आत जाता येईल तितकं आत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर किंवा समृद्धीवर कडेला उभ्या वाहनाला मागून धडक बसणं हा पंक्चरपेक्षा शंभर पटींनी मोठा धोका आहे. तेव्हा धोक्याचे दिवे लावा, सगळ्यांना डाव्या दाराने उतरवा आणि लोखंडी कठड्याच्या पलीकडे उभं करा. गाडीत कुणी बसायचं नाही, पाऊस असला तरी. जाकीट घालून त्रिकोण मागे नेऊन ठेवा. साध्या रस्त्यावर पन्नास पावलं, महामार्गावर त्याच्या दुप्पट तरी.

उजव्या बाजूचं चाक वाहत्या रहदारीच्या कडेला असेल तर तिथे बसून काहीही करू नका. माझी चार किलोमीटरची चूक आठवूनही सांगतो, जीव आणि टायर यात निवड आली तर टायर जाऊ द्या. पायी चालण्याच्या वेगाने सुरक्षित जागेपर्यंत न्या. मदतीसाठी ११२ आहे, आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३.

भोक पाहा, मग ठरवा

हे दोन मिनिटांचं काम सगळ्यात मोलाचं आहे आणि घाबरलेला माणूस नेमकं हेच वगळतो. दिवा घ्या आणि टायर नीट बघा. पुढचं चाक असेल तर स्टिअरिंग पूर्ण वळवलं की नक्षी समोर येते. मागचं असेल तर गाडी अर्धं चाक फिरेल एवढीच पुढे घ्या. साबणाचं पाणी फवारा, बुडबुडे जागा दाखवतात. व्हॉल्व्हवरही फवारा. कधी कधी गळती तिथलीच असते.

खिळा किंवा स्क्रू नक्षीच्या मधल्या भागात असेल तर रस्त्यावर इलाज होतो. भोक कडेच्या गोलाईवर किंवा बाजूच्या भिंतीवर असेल, चीर पडली असेल, फुगा आला असेल, खड्ड्यात आपटून रिम वाकली असेल किंवा टायर रिमवरून सुटला असेल, तर बाटली उघडूच नका, सरळ फ्लॅटबेड (गाडी पाठीवर चढवून नेणारा सपाट ट्रक) बोलवा. आपल्याकडच्या रस्त्यांवर खिळ्याइतकेच खड्डेही या टायरांचा जीव घेतात, आणि खड्ड्याच्या जखमेवर सीलंट निरुपयोगी आहे.

खिळा दिसला तरी तो लगेच उपटू नका. तोच बूच आहे.

सीलंट वापरायचं झाल्यास

खिळा आतच राहू द्या. हातमोजे घाला, कपड्यांवर पडलेलं सीलंट निघत नाही. बाटली जोरात हलवा. व्हॉल्व्ह खाली जमिनीकडे आला असेल तर गाडी थोडी सरकवून तो वरच्या बाजूला आणा. नळी जोडा, इंजिन चालू ठेवा, कॉम्प्रेसर सुरू करा.

काटा सुरुवातीला एकदम वर, पाच-सहा बारपर्यंत उडी मारतो आणि मग खाली येतो. बिघडलं असं समजून बंद करू नका, घट्ट द्रव व्हॉल्व्हमधून ढकलला जात असतो. (एक बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय.) काही संचांत आधी व्हॉल्व्हची आतली सुई काढावी लागते, म्हणून गाडीची पुस्तिका घरी वाचून ठेवलेली बरी. बहुतेक छोटे कॉम्प्रेसर आठ-दहा मिनिटांपेक्षा जास्त सलग चालवले तर तापून बंद पडतात.

तेवढ्या वेळात दाब पुस्तिकेतल्या किमान आकड्यापर्यंत आला नाही, तर भोक सीलंटच्या आवाक्याबाहेरचं आहे. आला, तर लगेच निघा. थांबून चहा प्यायचा नाही, कारण द्रव टायरभर पसरतो तो चाक फिरण्याने. बाटलीबरोबर ८० चा स्टिकर येतो, तो डोळ्यांसमोर लावा, ताशी ८० किलोमीटरच्या वर जायचं नाही. दहा मिनिटांनी सुरक्षित जागी थांबून दाब पुन्हा मोजा. टिकला असेल तर योग्य आकड्यापर्यंत भरा आणि जवळच्या चांगल्या टायरवाल्याकडे जा. घसरला असेल तर तिथेच थांबा.

मला स्ट्रिप जास्त का आवडते

मधोमध बसलेला, स्पष्ट दिसणारा खिळा असेल तर मी आता सीलंट वापरत नाही. सीलंट टायरच्या आत सगळीकडे चिकटतं, दाब मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं, आणि काही टायर कंपन्या सीलंट गेलेला टायर दुरुस्त न करता बदलायला सांगतात. स्ट्रिपमध्ये हा पसारा नाही. शिवाय भोकापर्यंत हात पोचत असेल तर चाक काढावंही लागत नाही.

आधी तयारी: स्ट्रिप सुईत ओवा, तिला सोल्यूशन लावा, ती हाताशी ठेवा. खडूने भोकाभोवती खूण करा. आता पक्कडने खिळा ओढा आणि तो कुठल्या कोनात शिरला होता ते बघा. किसणीसारखी खरबरीत सुई त्याच कोनात चार-पाच वेळा आतबाहेर करा. टायरमधल्या पोलादी तारांमुळे जोर लागतो, पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं आपण टायर फाडतोय. मग स्ट्रिपची सुई दाबून घाला, दोन्ही टोकं सेंटीमीटरभर बाहेर राहिली की एका झटक्यात सुई ओढून घ्या. स्ट्रिप आत राहते. हवा भरा, साबणाचं पाणी फवारा, बुडबुडा नसेल तर बाहेरची टोकं कापा.

घरच्या एखाद्या जुन्या, फेकायच्या टायरवर हे एकदा करून बघा. अंधारात पहिल्यांदा करायची ही गोष्ट नव्हे.

स्ट्रिपही तात्पुरतीच समजा. ताशी दोनशेच्या पलीकडे जाण्यासाठी बनवलेल्या टायरला बाहेरून घातलेल्या दोरीवर कायमचं सोडू नये. गावात पोचेपर्यंत ८० चीच मर्यादा.

रनफ्लॅट असतील तर

या टायरच्या भिंती इतक्या जाड असतात की हवा गेल्यावरही गाडीचं वजन पेलतात. बहुतेक कंपन्यांचा हिशेब एकच: ताशी ८० किलोमीटर वेगाने साधारण ८० किलोमीटर. शेव्हरोले कॉर्व्हेटच्या पाचव्या पिढीने १९९७ मध्ये स्टेपनी काढून टाकली ती याच भरवशावर. अडचण अशी की बाहेरून बघून टायर बसलाय हे कळतच नाही, दिवा लागला तरच कळतं. म्हणून दिव्याकडे दुर्लक्ष करून चालवत राहिलेला रनफ्लॅट बहुधा फेकावाच लागतो. ८० किलोमीटर ही शेवटची मर्यादा समजा, वीस किलोमीटरवर चांगलं दुकान असेल तर तिथेच थांबा.

गाडी उचलायची झाली तर

फोनवर पहिलं वाक्य हे असू द्या: ‘गाडी खूप खाली आहे, फ्लॅटबेडच पाहिजे, हायड्रा नको.’ हायड्रा क्रेन आली आणि पट्टे बंपरखालून घालायला लागली तर ठामपणे नाही म्हणा. दोन तास जास्त थांबणं परवडतं. पुढची दोन चाकं उचलून मागची फरफटत नेणारी टोइंग व्हॅनही नको. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत त्याने गिअरबॉक्स जातो.

टूलकिटमध्ये ओढण्याचा हूक असतो. बंपरवरची छोटी टोपी काढून तो आटे घालून बसवायचा. काही गाड्यांत आटे उलटे असतात, नेहमीच्या दिशेने बसत नाही म्हणून जोर करू नका, डावीकडे फिरवून बघा. गाडी न्यूट्रलला टाका, हँडब्रेक सुटलाय याची खात्री करा. चढवण्याच्या अगदी आधी बसलेल्या टायरमध्ये कॉम्प्रेसरने हवा भरा. पाच मिनिटं जरी टिकली तरी रिम वाचते आणि गाडीचं पोट उतारावर घासत नाही. तरीही लागत असेल तर चाकांखाली लाकडी फळ्या घालायला लावा. पट्टे चाकांवरून बांधायचे, सस्पेन्शनच्या दांड्यांना नाही. आणि चढवण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढा.

कुणी म्हणेल, चाक काढून दुकानात नेऊ. चालेल, पण सपाट, पक्क्या, रहदारीपासून लांबच्या जागेवरच. जॅक पुस्तिकेत दाखवलेल्या बिंदूवरच, रबरी ठोकळा मध्ये ठेवून. प्लास्टिकच्या कडेखाली लावला तर ती तुटलीच. अनेक जर्मन गाड्यांत नट नसून बोल्ट असतात, चाक सुटताना ते ब्रेकच्या डिस्कवर आपटू शकतं, म्हणून किटमधली मार्गदर्शक कांडी आधी लावा. आणि चाकाच्या मध्यभागी एकच मोठा नट असेल, पोर्शे ९११ जीटी३ सारखा, तर हातच लावू नका. तो ६०० न्यूटन मीटरला आवळलेला असतो, रस्त्यावरच्या पान्याने तो सुटत नाही.

टायरवाल्याकडे

दुकान निवडताना एकच प्रश्न विचारा: टायर मशिनवर उतरवता की टॉमीने (लोखंडी पहारीने)? टॉमी म्हणाले तर नमस्कार करून पुढे जा, बुटक्या टायरची रिम टॉमीने खरवडतेच. सीलंट भरलं असेल तर ते आधी सांगा, नाहीतर तो द्रव त्या माणसाच्या तोंडावर उडतो.

टायर उतरल्यावर स्वतः आत हात फिरवा. काळी पूड किंवा भिंतीवर गोल खरचटल्याची रेघ असेल तर दुरुस्ती करू नका, दुकानदार कितीही म्हणाला तरी. आतून स्वच्छ असेल आणि भोक मधल्या भागात, सहा मिलिमीटरच्या आत असेल, तर आतून मशरूम पॅच (छत्रीच्या आकाराचं रबरी ठिगळ) लावून घ्या. परत बसवताना बाजूवरचा बाण आणि ‘बाहेरची बाजू’ दाखवणारा शब्द तपासा, बॅलन्सिंग करा आणि बोल्ट टॉर्क रेंचने, पुस्तिकेतल्या आकड्याला आवळून घ्या.

टायर बदलायचाच असेल तर त्या अक्षावरचे दोन्ही बदलायची तयारी ठेवा. एक नवा, एक झिजलेला असेल तर व्यास वेगळे पडतात आणि डिफरन्शिअलला (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरला) ते सतत सोसावं लागतं. मला दोन्ही बदलावे लागले. साध्या विम्यात एकट्या टायरचं नुकसान धरत नाहीत. गाडीलाही त्याच वेळी मार बसला असेल तरच धरतात, तेही निम्म्या किमतीपर्यंत. त्यामुळे अशा गाडीला टायरचं वेगळं संरक्षण आणि फ्लॅटबेड देणारी रस्ता-मदत घेताना मी आता काटकसर करत नाही.

घरी आल्यावर रात्रभर गाडी उभी ठेवा आणि सकाळी, टायर थंड असताना, दाब मोजून लिहून ठेवा. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा एकदा तपासा. सीलंट वापरलं असेल तर नवी बाटली त्याच आठवड्यात मागवा आणि तिची मुदत डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत चिकटवा.